प्रतिसाद: थंड ताऱ्यांच्या रेडिओ लहरी
वर विचारलंय की एवढ्या थंड, अंधुक ताऱ्यात रेडिओ लहरी सोडायचा दम येतो कुठून. अहो, २००१ पर्यंत जाणकारांनाही तो दम नसेल असंच वाटायचं, मग अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीला एलपी ९४४-२० या तपकिरी बटूकडून (तारा आणि ग्रह यांच्या मधली वस्तू) सिग्नल मिळाला तो अंदाजाच्या कित्येक हजार पट! सगळी मेख चुंबकीय क्षेत्रात आहे. टीव्हीएलएम ५१३ हा असाच थंड बटू घ्या, साधारण दोन तासांत एक गिरकी आणि दर गिरकीला ठरलेले रेडिओ पल्स (झोत), इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गरगरतात त्याचे, आणि हिशोब दर गाऊसला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) २.८ मेगाहर्ट्झ वारंवारता, म्हणजे ८.४ गिगाहर्ट्झला पल्स दिसला की क्षेत्र ३००० गाऊस, आपल्या पृथ्वीचं जेमतेम अर्धा गाऊस! आणि २०२३ मध्ये तर एलएसआर जे१८३५+३२५९ या थंड बटूभोवतीचा रेडिएशन बेल्ट (चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांचा पट्टा) चक्क इमेजमध्ये दिसला, १८ प्रकाशवर्षांवरून, जबरदस्तच काम आहे ते.