४ ऑक्टोबरला मास्तर वर्गात. कुणाच्या भरवशावर?

माणदेशी_मास्तर

शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी २४ सप्टेंबरला जाहीर केलं, की ४ ऑक्टोबर २०२१ पासून खेड्यांत पाचवी ते बारावी आणि शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग भरतील. पालकांची संमती हवी, हजेरीची सक्ती नाही. त्या दिवसापासून आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या, शिक्षकांच्या गटावर एकच रडगाणं चाललंय : एवढी घाई कशाला, दिवाळी होऊ दे, तिसरी लाट येऊन जाऊ दे.

मी आटपाडी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे, पहिली ते चौथी. म्हणजे या आदेशात आमची शाळा बसतच नाही. तरी सांगतो, मास्तरांनी वर्गात जायची वेळ झालेली आहे. आणि उघडायच्याच होत्या तर सुरुवात आमच्या बारक्यांपासून व्हायला हवी होती.

मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेलं पोरगं आज कागदावर तिसरीत आहे. परवा असंच एक आईबरोबर पोषण आहाराचा तांदूळ न्यायला आलं. फळ्यावर ‘घर’ लिहिलं, वाचलं. ‘नळ’ वाचलं. ‘काका’ लिहिलं तर ‘कक’ म्हणालं. ‘मामा’ला ‘मम’. काना नावाची गोष्ट असते हेच ते विसरलंय. पहिलीत असताना हेच पोरगं बाराखडी ओरडून म्हणायचं. आईला विचारलं, मी मोबाईलवर अभ्यास पाठवतो तो बघतो का? ती म्हणाली, “मोबाईल ह्याच्या बापाकडं, आन बाप मेंढरांमागं.” आम्ही मात्र महिन्याच्या अहवालात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं लिहून मोकळे.

दसरा झाला की इथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मेंढपाळ तर त्याआधीच हलतात. चौथीपर्यंतचे वर्ग दिवाळीनंतर उघडले तर माझ्या पटावरची बरीच पोरं गावातच नसतील, ती थेट उन्हाळ्यात दिसतील. शहरातला माणूस ‘दोन महिने थांबा’ म्हणतो तेव्हा आमच्याकडे अजून एक वर्ष जातं.

राहिली भीती. गेल्या वर्षी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन घरोघर कोण फिरलं? चेकपोस्टवर रात्री कोण बसलं? लस नव्हती तेव्हा बाधितांच्या दारात जाता आलं, मग आता लस टोचून वर्गात का जाता येऊ नये?

मिरजेची_बाई

सर, तुमचा शेवटचा मुद्दा तुमच्याच अंगावर येतो. तेव्हा आपण गेलो, त्याचं पुढं काय झालं तेही लिहा की.

मी अनुदानित हायस्कूलला आहे. आमच्या एका सहकाऱ्यांची एप्रिलमध्ये चेकपोस्टवर ड्यूटी होती, मे महिन्यात ते गेले. कोविड ड्यूटीवर मृत्यू आला तर कुटुंबाला ५० लाख, असा शासन निर्णय मे २०२० पासून आहे. वहिनींनी प्रस्ताव केला. उत्तर आलं, ड्यूटीचा लेखी आदेश जोडा. आदेश फोनवरून आला होता! आम्ही सगळ्यांनी मोबाईल पालथे घातले, तेव्हा एका ग्रुप फोटोत सर चेकपोस्टच्या मांडवाखाली चहाचा कप घेऊन उभे असलेले दिसले. तो फोटो मोठा करून, साक्षांकित करून फाइलीला लावलाय. फाइल अजून टेबलावरच आहे.

त्यामुळे मला कुणी ‘भरवसा ठेवा, वर्गात या’ म्हटलं की मी म्हणते लेखी द्या. शाळेत येऊन संसर्ग झाला तर तो ड्यूटीवरचा धरणार का? उपचाराचा खर्च कोण देणार? रजा कुठली लावणार? एवढ्या तीन ओळी कुठल्याही परिपत्रकात दाखवा, मी ४ तारखेला पहिल्या घंटेला हजर. मुलांसाठी जीव तुटतो तो माझाही.

आणि जून-जुलैत बाकीचं राज्य उघडत होतं तेव्हा आपण कुठं होतो? २ ऑगस्टच्या आदेशात निर्बंध कायम ठेवलेले जे ११ जिल्हे होते, त्यात सांगली, सातारा दोन्ही होते. त्याला जेमतेम दोन महिने होताहेत.

वाळव्याचा_शेतकरी

बाई, राग मानू नका. माझी दोन पोरं हायत, एक आठवीत, एक सहावीत. दीड वर्ष झालं, दिवसभर मोबाईल. अभ्यास म्हणून घेतात आन गेम खेळतात. आमचा ऊस काय कोरोना बघून थांबला न्हाई. दूधवाला थांबला न्हाई, एसटीचा कंडक्टर थांबला न्हाई. मास्तर तेवढं घरात बसून पगार घेत्यात.

सावित्रीबाई प्लेगात लोकांची सेवा करता करता गेल्या. त्यांचा फोटो हारासकट शाळेत लावायचा आन आपण घरात बसायचं, ह्ये बरोबर वाटतं का?

खंडाळ्याचा

सावित्रीबाई आमच्या तालुक्यातल्या, नायगावच्या. दाखला द्यायचा तर पुरता द्या, दादा. १८९७ साली त्यांच्या मुलानं, डॉ. यशवंत यांनी, पुण्याबाहेर प्लेगचा दवाखाना चालवला होता. तिथं रोगी पोचवताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. आजाऱ्याला दवाखान्यात नेणं वेगळं आणि धडधाकट पोरं एका खोलीत गोळा करणं वेगळं. त्यांच्या नावावर शाळा उघडायचा आदेश फाडू नका.

विनाअनुदानित_कराड

‘घरात बसून पगार’ वाल्यांसाठी : मी कराडजवळ एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठ वर्षं गणित शिकवतोय. एप्रिल २०२० पासून निम्मा पगार, त्यातही कित्येक महिने कोरडे. पालक म्हणतात शाळाच नाही तर फी कसली, संस्था म्हणते फीच नाही तर पगार कसला. दोघांचंही बरोबर, बरं का! मधल्या काळात मी मंडईतून भाजी आणून सोसायटीत विकली. माझ्याच वर्गातल्या पोरांच्या आयांनी घेतली. बऱ्याच जणी पिशवी पुढं करताना तोंड फिरवायच्या, ते त्यांचं चांगुलपण.

तर मिरजेच्या बाई, तुम्हाला वर्गात यायची भीती वाटते ती खरी आहे. पण ती बाळगणं ज्याचा पगार एक तारखेला जमा होतो त्याला परवडतं. शाळा उद्या उघडली तर मी आजच रात्री बाक पुसायला जाईन.

मिरजेची_बाई

तुमची शाळा तुम्हाला पगार देत नाही, त्याचं उत्तर ‘मग सगळ्यांनीच विमा-बिमा न विचारता जा’ असं कसं होतं, ते समजलं नाही.

विनाअनुदानित_कराड

तसं म्हणालोच नाही. एवढंच म्हणतोय की थांबण्याचीही किंमत असते आणि ती कुणीतरी मोजतच असतं. सध्या ती आम्ही मोजतोय आणि मास्तर सांगतात तसली पोरं मोजताहेत.

खटावचा_डॉक्टर

दोन गोष्टी आकड्यांत सांगतो, कारण ‘बारकी पोरं म्हणजे मोठा धोका’ हे बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) चौथं सेरो सर्वेक्षण, म्हणजे रक्तात विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडीज आहेत का याची तपासणी, यंदा जून-जुलैत झालं. देशात सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांत अँटिबॉडीज सापडल्या. सहा ते नऊ वयोगटात ५७.२ टक्के, दहा ते सतरा वयोगटात ६१.६ टक्के. म्हणजे शाळा बंद असतानाही निम्म्याहून जास्त मुलांना विषाणू गाठून गेला होता, बहुतेकांच्या घरच्यांना कळलंही नाही. त्याच वेळी आयसीएमआरचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव म्हणाले होते, की उघडायच्या तर आधी प्राथमिक शाळा उघडा, लहान मुलं या विषाणूला मोठ्यांपेक्षा चांगली तोंड देतात, फक्त शाळेतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचं लसीकरण झालेलं हवं. आपण बरोबर उलट्या टोकानं सुरुवात केली. मास्तरांना माझा पाठिंबा आहे तो एवढ्यावर.

पण मास्तर, ‘लस टोचून’ हे तुम्ही फार सहज लिहून गेलात. कोव्हिशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवस जावे लागतात. केंद्र सरकारनं शिक्षकदिनाच्या आत सगळ्या शिक्षकांना लस द्यायची म्हणून ऑगस्टअखेर राज्यांना जादा साठा दिला. तेव्हा ज्यांनी पहिला डोस घेतला त्यांचा दुसरा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येतो. तरुण शिक्षकांचं तर मेमध्ये १८ ते ४४ चं लसीकरणच थांबलं होतं. त्यामुळे ४ तारखेला वर्गात उभे राहणारे बरेच जण अर्धे संरक्षित असतील. आणि शिपाई, लिपिक, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई? त्यांची यादी कुणी केली आहे का? आमच्याकडे तरी शिक्षकांची आली, त्यांची आली नाही.

आणखी एक. सॅनिटायझरवर पैसे उडवू नका. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. खिडक्यांना ठोकलेले पत्रे काढा, जमेल तेवढे वर्ग व्हरांड्यात नाहीतर झाडाखाली घ्या.

तासगावचे_हेडसर

डॉक्टरसाहेब, खिडक्यांचे पत्रे आम्ही हौसेनं ठोकलेले नाहीत. माकडं आणि चोर.

मी माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. माझ्याकडे आठवी ते दहावीच्या दोन-दोन तुकड्या, एका तुकडीत साठीच्या आसपास मुलं. एका बाकावर एकच मूल बसवायचं तर एका वर्गात वीसच्या वर बसत नाहीत. म्हणजे एका तुकडीचे तीन गट. तोच पाठ शिक्षकांनी तीनदा शिकवायचा, आणि ज्यांच्या पालकांनी संमती दिली नाही त्यांच्यासाठी चौथ्यांदा ऑनलाइन. संमतीपत्रं गोळा करायची, तापमानाची वही, ऑक्सिजनची वही, रोजचा ऑनलाइन अहवाल. शिपायाची दोन पदं मंजूर, भरलेलं एक. तोही पुढच्या मार्चला रिटायर होतोय. संडास दिवसातून दोनदा कोण धुणार, विचारलं तर वरून उत्तर येतं, ‘लोकसहभागातून’.

इकडे आमच्या पाहुण्यांची शाळा पलूस तालुक्यात नदीकाठी. जुलैच्या पुरात पाणी वर्गात शिरलं. गाळ काढला, पण कपाटातली दप्तरं, जनरल रजिस्टर सगळं भिजलेलं. अजून उन्हात वाळवताहेत. त्यांनाही तारीख ४ ऑक्टोबरच.

उघडू नका असं मी म्हणत नाही. मी उघडणार आहे. पण शाळा उघडणं म्हणजे कुलूप काढणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस माझ्या खुर्चीत बसावं.

वाळव्याचा_शेतकरी

हेडसर, असं सांगा की मग. आमाला कोण सांगतंय? आमच्या गावची शाळा असती तर आमी तरणी पोरं घेऊन एका दिसात धुऊन दिली असती. ग्रामपंचायतीचा फवारणीचा पंप हाय, पाण्याचा टँकर हाय. मास्तर लोकांनी इचारायला पायजे.

जतचा_रहिवासी

मूळ दुखण्याकडे कुणी आलंच नाही. जुलैत कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावी सुरू करायचा शासन निर्णय आला होता. गावात महिनाभर रुग्ण नको, सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती, एका बाकावर एक मूल. त्यात अजून एक कलम होतं : शिक्षकांनी गावातच राहायची सोय करावी, नाहीतर सार्वजनिक वाहनानं येऊ-जाऊ नये. ते वाचून आमच्याकडे लोक हसले.

जत तालुक्याच्या पूर्व भागात आमची कन्नड माध्यमाची शाळा. निम्मे शिक्षक रोज जा-ये करतात, काही तर थेट सांगली-मिरजेहून. शिक्षक मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मात्र दरवर्षी बिनबोभाट होतो आणि घरभाडं भत्ताही निघतो. साथ नसताना हे चालून गेलं. आता हा माणूस रोज दोन एसट्या बदलून चार गावांची हवा घेऊन आमच्या पोरांसमोर उभा राहणार. शिक्षकांना मुलांकडून धोका आहे, हे मान्य. मुलांना आणि घरातल्या म्हाताऱ्यांना शिक्षकांकडून आहे तो?

मिरजेची_बाई

गावात राहा म्हणता, भाड्यानं खोली कोण देतं ते सांगता का? तुमच्या भागातल्याच एका शाळेवर माझी नणंद होती. न्हाणीघर नसलेली एक खोली दाखवली होती, तीही गुरांच्या गोठ्याला लागून. दोन लहान मुली घेऊन तिथं राहायचं?

जतचा_रहिवासी

आम्ही राहतो ना, ताई, तिथंच. आमच्याही मुलीच आहेत.

माणदेशी_मास्तर

जतकर, मी गावातच राहतो, त्यामुळे या भांडणात मला बोलायला सोपं आहे, म्हणून फार बोलत नाही. एवढंच म्हणतो की ठराव खोटा असेल तर त्यावर सही सरपंचांचीही असते.

मिरजेच्या बाईंचं म्हणणं मला पटतं आणि तरी मी जागचा हलत नाही. लेखी हमी मागा, मी सह्या गोळा करतो, तालुक्यातून शंभर तरी देतो. डॉक्टर म्हणतात ती शिपाई आणि स्वयंपाकी ताईंची यादीही त्यातच घालू. पण हमी मिळेपर्यंत शाळा बंद, ही अट मला मान्य नाही. सरकारवर दबाव आणायला आपण जे तारण ठेवतोय ती दुसऱ्याची पोरं आहेत.

आमच्या सरपंचांशी बोललोय. पहिली-चौथी उघडायची परवानगी नाही, तर शाळेत भरवणार नाही. देवळासमोरच्या लिंबाखाली सकाळी दोन तास, दहा-दहा पोरं, एक दिवसाआड. पालकांच्या सह्या पोषण आहाराच्या वाटपालाच घेतल्या. टोळ्या निघायच्या आत निदान काना-मात्रा-वेलांटी पक्की करतो.

तासगावचे_हेडसर

मास्तर, करा, पण केंद्रप्रमुखांना लेखी कळवून करा आणि पोचपावती घ्या. एखादं पोर बाधित निघालं तर ‘परवानगी नसताना वर्ग भरवला’ म्हणून पहिली नोटीस तुम्हालाच येईल. सरपंच तेव्हा बाहेरगावी असतील.

माणदेशी_मास्तर

कळवलंय. पोचपावती दिली नाही. ‘मला माहीत नाही असं समजा’ म्हणाले.

मिरजेची_बाई

बघा. लेखी मागायचं म्हणते ते याचसाठी. तुमच्या अर्जाचा फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा. सह्यांच्या कागदावर माझं आणि आमच्या स्टाफमधल्या नऊ जणींचं नाव घाला, शिपाईमावशींचंही. मी ४ तारखेला जाणारच आहे, न जाऊन सांगू कुणाला?