आधी "शी!" आणि मग "हवेतच!" : तुमचा जीव कुठल्या बुटांत अडकलाय?

लोकहो, हा धागा कधीचा काढायचा होता. साड्यांवर, दागिन्यांवर आपण तासन्तास बोलतो पण चपला-बुटांचं नाव कुणी काढत नाही. रोजचे ऑफिसचे नाही हं, मी म्हणतेय ते रॅम्पवरचे, लांबून ओळखू येणारे, खिशाला आग लावणारे, जे पहिल्यांदा बघितल्यावर "हे घालतं कोण" असं वाटतं आणि मग काही महिन्यांनी आपणच रात्री बारा वाजता त्यांचा साइज चार्ट बघत बसतो.

माझ्यापासून सुरुवात करते. बेल्जियन डिझायनर मार्जेलाचे ताबी बूट. अंगठा वेगळा, बाकीची बोटं वेगळी, थेट बकरीचे खूर! जपानी लोकांच्या फटवाल्या मोज्यांवरून मार्टिन मार्जेलाने ते 1988 ला पॅरिसमध्ये आपल्या पहिल्याच शोत आणले आणि तळाला लाल रंग लावून मॉडेल्सना पांढऱ्या कापडावर चालवलं, म्हणजे लोकांचं लक्ष कपड्यांवरून उडून त्या दुभंगलेल्या पावलांवर जावं. मला फोटोत बघून किळस आली होती. मग लंडनला ट्रेनमध्ये समोर एक पिकल्या केसांची बाई, साधा काळा कोट, मेकअप नाही, अंगठी नाही, आणि पायात हे. बाजूला धातूच्या छोट्या आकड्या, टाच नळकांड्यासारखी गोल. स्टेशन येईपर्यंत माझी नजर हलली नाही. नवीन बूट हजार युरोच्या आसपास, त्यामुळे सेकंडहँड साइटवर अलर्ट लावून ठेवलाय. मोबाईल वाजला की नवरा विचारतो, "आल्या का शेळ्या?"

तुमचेही येऊ देत. घेतलेले, न घेतलेले, नुसते बघून ठेवलेले, सगळे चालतील.

कट्टाबाज : आम्हा पुरुषांना पण ही बाधा होते बरं का. बालेन्सियागा या फॅशन ब्रँडचे ट्रिपल एस स्नीकर्स, 2017 चे. पळायच्या, बास्केटबॉलच्या आणि ट्रॅकच्या बुटांचे तळवे एकावर एक रचून केलेले. पहिल्यांदा बघितले तेव्हा मित्राला म्हणालो की हे कुणाच्या पायाला प्लास्टर असेल तर ठीक. वर्षभरात सगळ्यांचेच बूट जाडजूड झाले आणि माझे सडपातळ पांढरे मलाच बिचारे वाटायला लागले. शोरूममध्ये घालून आलोय, सेल्समनने पाणी पण विचारलं. जड आहेत राव, जिना चढताना व्यायाम होईल इतके. तरीपण हवेत.

लालपरी : माझं जुनंच, फ्रेंच डिझायनर लुबूतांच्या हील्सचा लाल तळवा. त्याने 1993 मध्ये असिस्टंटची नेलपॉलिश घेऊन सँपलच्या तळाला फासली अशी गोष्ट तो स्वतःच सांगतो. नणंदेच्या मुलीने लग्नात रिसेप्शनला घातले होते. पुढून बघितलं तर काळी हील, काहीच विशेष नाही, पण ती स्टेजच्या पायऱ्या चढायला लागली आणि प्रत्येक पायरीला लाल, लाल, लाल. मी सूप हातात धरून तशीच उभी. आता गंमत अशी की तो लाल रंग रस्त्यावर चालला की घासून जातो, मग काही जणी मोच्याकडून वर पातळ लाल रबर बसवून घेतात. म्हणजे एवढे पैसे टाकून चालायचं कमी, पाय उचलून दाखवायचं जास्त! माझी काही हरकत नाही, मी दाखवेन.

नाकासमोर : एका बुटात आमचं दोन महिन्यांचं घरभाडं निघेल. चालू द्या.

हिरवीफांदी : नाकासमोर, बघायला भाडं पडत नाही हो. माझा जीव आलाइया ब्रँडच्या जाळीच्या फ्लॅट्सवर. अख्खा बूट म्हणजे जाळी, आत बोटं दिसतात सगळी, त्यामुळे नखं नीट नसतील तर विषयच संपला. लिंकिंग रोडवर तसलेच दिसले, हातात घेतले, जाळी बोटाला टोचत होती आणि कडेचा गोंद बाहेर आलेला. ठेवून दिले. खऱ्याची तहान खोट्यावर भागत नाही हा माझा अनुभव, बाकीच्यांचा वेगळा असेल. शिवाय मुंबईत जून ते सप्टेंबर ते कपाटातच राहणार, तो हिशोब मी घेण्याआधीच करून ठेवलाय.

कट्टाबाज : ताबीवरून आठवलं, 2023 ला न्यूयॉर्कमध्ये डेटवर आलेल्या माणसाने एका पोरीचे ताबी उचलून नेले आणि आपल्या मैत्रिणीला दिले होते! टिकटॉकवर बोंब झाली तेव्हा परत मिळाले. धागाकर्ती, मिळाले की कुलपात ठेवा.

रंकाळा : आता आमच्या गावाचं ऐका. जून 2025 ला मिलानमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने रॅम्पवर चक्क कोल्हापुरी काढली आणि नाव काय दिलं तर लेदर सँडल. 2019 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे तिला, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. बोंबाबोंब झाल्यावर त्यांनी प्रेरणा कुठली ते कबूल केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात कारागिरांकडे येऊन गेली आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, 2000 जोड, किंमत 800 युरोच्या घरात. मला राग आला होता, अजून आहे थोडा. पण खरं सांगू का, इतकी वर्षं जी चप्पल मी फक्त लग्नाला आणि गणपतीला काढायचो ती इटलीच्या पोराच्या पायात बघितली आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या चप्पल लाईनला जाऊन कापशी, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, घेऊन आलो. म्हशीच्या कातड्याचा तळ, वर वेणी, दोन्ही बाजूंना कान. पहिले काही दिवस चावते, मग रात्री तेल चोळून ठेवायची, हळूहळू पायाचा आकार घेते. पावसात मात्र घालू नका.

लालपरी : रंकाळा दादा, पुण्यात मिळते ती आणि तिकडची यात फरक कसा ओळखायचा? आणि माझा पाय रुंद आहे, अंगठ्याशी घट्ट होते नेहमी.

रंकाळा : ताई, वाकवून शिलाई बघा, खरीत कातड्याचीच वादी असते, नायलॉनचा दोरा नाही. रुंद पायाला रेडिमेड घेऊच नका. कागदावर उभं राहून पाऊल आखून पाठवा, पेन सरळ धरा, तिरकं धरलं की माप बिघडतं. संध्याकाळी आखा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.