मदत हवी आहे: शॉकअपचे बुश बदलले, एक वायसर उरलं आणि आवाज तसाच (तातडीचं)

चोरलवाला
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहून राहिलोय. रविवारी घरच्या घरी शॉकअपचे (म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे) वरचे रबर बुश आणि वायसर (वॉशर) बदलले. तीन तास गेले, बोटं सोलली. गाडी खाली उतरवून गल्लीच्या तोंडाशी ब्रेकरवरून काढली तर आवाज तसाच, किंबहुना जास्तच. आणि एक वायसर हातात उरलं. शनिवारी पहाटे महूजवळच्या घाटात जाम गेटला निघायचंय, त्याआधी हे मिटायला हवं. वायसरचा क्रम काय असतो एवढंच सांगा. गॅरेजमध्ये न्या असं कृपया कोणी सांगू नका, तिकडे वैतागूनच हे घरी काढलं.

पाना_१२_१३
गाडी कुठली? पुढचा शॉकअप की मागचा? उजवा, डावा की दोन्ही? आवाज खट्ट येतो की चर्र?

चोरलवाला
जिप्सी, अजून काय असणार. पुढचा उजवा. आवाज म्हणजे आवाज, ब्रेकरवर येतो.

चिंचवडकर
रबर काढून फेका आणि पॉलियुरेथेनचे बुश घाला, विषय संपला. माझ्या थारला चारही कोपऱ्यांत घातलेत, दोन पावसाळे झाले, एक आवाज नाही. आमच्या चिंचवडात एक कारागीर आहे, तासाभरात करून देतो.

चोरलवाला
बुश बसवायला इंदूरहून चिंचवडला येऊ?

पाना_१२_१३
चिंचवडकर, थारचा दाखला इथे कसा चालेल? जुन्या थारला पुढे टॉर्शन बार, २०२० च्या नव्या थारला कॉइल. जिप्सीला चारही चाकांवर पाटे (लीफ स्प्रिंग). पुढच्या शॉकअपचं वरचं टोक म्हणजे आटे पाडलेला दांडा, खालचं टोक डोळ्याचं, म्हणजे बोल्ट जाणाऱ्या कड्याचं. प्रश्न दांड्याचा आहे, तुम्ही उत्तर भलत्याचंच देताय.

ग्रीसगन
शॉकअपला उगाच दोष देताय. पाट्याच्या शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश खल्लास झाले असणार. जिप्सीत दहातले नऊ आवाज शॅकलचे. ग्रीस मारा आधी.

शब्दवेडा
अवांतर: ‘शॉकअप’ हा शब्द कुठून आला? शॉक ‘अप’ कसा होईल? मराठीत धक्काशोषक म्हणायला काय हरकत आहे?

पाना_१२_१३
दुकानात जाऊन धक्काशोषक मागा आणि काय मिळतं ते इथे टंका.

जीपवाले_काका
चोरलवाला, क्रम सांगतो, पण तो का असतो तेही ऐका, म्हणजे पुढच्या वेळी यूट्यूब लागणार नाही.

दांड्यावर खालून वर असं चढतं: आधी एक वाटी-वायसर, ते दांड्याच्या खांद्यावर टेकतं. त्यावर रबर. मग चेसिसच्या ब्रॅकेटचं भोक. वर दुसरं रबर, दुसरं वाटी-वायसर, नट आणि त्यावर लॉकनट. म्हणजे एका शॉकअपला दोन रबर, दोन वायसर. तुमच्याकडे एक उरलंय याचा अर्थ एक कुठेतरी घालायचं राहिलंय. उरलेलं वायसर ‘जास्तीचं दिलं असेल’ असं कंपनी कधी करत नाही.

आता रबराकडे नीट बघा. त्याच्या एका अंगाला बारीक कॉलर असते. ती कॉलर ब्रॅकेटच्या भोकात उतरली पाहिजे, खालच्या रबराची खालून, वरच्याची वरून. कॉलर भोकात असेल तर दांडा मधोमध राहतो. कॉलर काठावर चेंगरली तर दांडा भोकाच्या कडेला लोखंडावर लोखंड आपटतो, आणि तोच खट्ट. पाटा दबला की एक्सल वरखाली होतानाच किंचित वळतं, त्याबरोबर दांड्याला थोडं कलायचं असतं. ते कलणं सोसायला रबर आहे, नाहीतर सरळ वेल्डिंग केलं असतं की.

चिंचवडकर
वाटीचं तोंड रबराकडे की उलटं? माझ्या जुन्या जीपला काठ रबरापासून लांब होते.

जीपवाले_काका
तेही असतं. खोल वाटी असेल आणि रबर तिच्यात बसत असेल तर तोंड रबराकडे, म्हणजे रबर बाहेर पसरत नाही. उथळ असेल तर डोकं चालवण्यापेक्षा जुन्या वायसरवरचा डाग बघा. रबर ज्या अंगाला बसलं होतं तिथे गोल काळा ठसा उमटलेला असतो, दुसऱ्या अंगाला नुसता गंज. काढतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवणं सगळ्यात सोपं, पण ते काढून झाल्यावर आठवतं.

चोरलवाला
काका, वाटी खोल आहे आणि वरचं मी रबराकडेच तोंड करून लावलंय. खाली मात्र नाही लावलं. कारण जुन्या शॉकअपला खाली वायसर नव्हतंच!

पाना_१२_१३
एक मिनिट. ‘जुना शॉकअप’ म्हणजे? शॉकअपही बदललात? धाग्यात तर नुसते बुश लिहिलंय.

चोरलवाला
हो मग. जुन्यातून तेल गळत होतं. बुश बदलायला काढलाच होता तर नवाच टाकला. त्याचा इथे काय संबंध?

जीपवाले_काका
संबंध सगळा तिथेच आहे. जुना शॉकअप भंगारात दिला नसाल तर त्याच्या डस्ट कव्हरच्या टोकाशी, दांड्याच्या मुळाशी, स्क्रू-ड्रायव्हरने गंज खरवडून बघा.

नॅट्रॅक्सप्रेमी
पिथमपूरचा नॅट्रॅक्सचा (गाड्यांच्या चाचणी केंद्राचा) हायस्पीड ट्रॅक ११.३ किमीचा आहे, २०२१ मध्ये सुरू झाला. मित्राने आतून बघितलाय, वेगळंच जग आहे म्हणे. इंदूरच्या लोकांनी अभिमान बाळगावा.

चोरलवाला
बाळगतो. वायसरचं सांगा.

माळवी_मिसळ
फक्त एकच शॉकअप बदलला? उजवा नवा, डावा थकलेला, गाडी वळणावर दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागेल. एका एक्सलचे जोडीनेच बदलायचे असतात. घाटात जाणार आहात म्हणून सांगतोय, राग नको.

चोरलवाला
पुढच्या पगाराला.

चोरलवाला
काका!! खरवडलं. गंजाच्या खाली वायसर निघालं, इतकं चिकटलेलं की मला ते शॉकअपचाच भाग वाटलं. त्यामुळे नव्याला खाली वायसर न लावता रबर तसंच चढवलं. आता वरून बॅटरी मारून बघितलं, तर खालचं रबर खांद्याच्या खाली घसरून बसलंय आणि कॉलर भोकात नाहीच. पुन्हा उघडतो. नट किती कसू? मागच्या वेळी पान्याला पाइप लावून कसला होता.

जीपवाले_काका
पाइप कशाला हो? रबर फुगून वाटीच्या काठाच्या बाहेर लोंबायला लागलं की समजा जास्त झालं. रबर वाटीच्या घेराएवढं भरलं की थांबा, मग लॉकनट. काही दांड्यांना नट आट्यांच्या शेवटी जाऊन टेकतो, तिथे तोच थांबवतो. फार आवळलंत तर रबर दगड होतं, दांड्याला कलायला जागा उरत नाही, मग आटे तुटतात नाहीतर खाली सील जातं.

आणि दांडा फिरू नये म्हणून चमकदार भाग पक्कडीने धरू नका. एक ओरखडा पडला की तोच भाग सीलमधून वरखाली होतो आणि महिन्याभरात तेल बाहेर. टोकाला पाना लावायला दोन सपाट बाजू असतात, तिथे धरा.

ग्रीसगन
रबराला चढवताना ग्रीस लावा, सरकन जाईल.

पाना_१२_१३
अजिबात नको. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी लावा, नंतर वाळून जातं. पॉलियुरेथेनला ग्रीस लागतं, पण तेही सिलिकॉनचं.

चिंचवडकर
बघा, शेवटी पॉलियुरेथेनवरच आलात.

माळवी_मिसळ
भिया, मी स्नेहनगरात राहतो. घोड्या (गाडीखाली लावायचे स्टँड) हव्या असतील तर घेऊन जा, दोन आहेत. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका.

चोरलवाला
घोडी आहे एक, पण येतोच. खालचा बोल्टही परत कसून घेतो, तोही रविवारी चाक हवेत असतानाच कसला होता.

जीपवाले_काका
हे आधी का नाही सांगितलंत? खालच्या डोळ्यात रबराच्या पोटात लोखंडी नळी असते, बोल्ट तिला घट्ट धरतो आणि मधलं रबर पिळून हालचाल सोसतं. चाक लोंबकळत असताना कसला तर गाडी खाली आल्या क्षणापासून रबर पीळ खाऊन बसतं, दिवसरात्र. मग चर्र आवाज, आणि सहा महिन्यांत चिरतं. बोल्ट सैल करा, गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी करा, एकदोनदा बंपर दाबून हलवा आणि मग कसा. नायलॉकचा (आत नायलॉनचं कडं असलेला) नट असेल तर नवा घ्या, सियागंजात चार पैशांत मिळेल.

शब्दवेडा
‘पीळ खाऊन बसतं’, सुंदर.

चोरलवाला
अपडेट. काल रात्री केलं. खाली वायसर बसवलं, कॉलर दोन्हीकडून भोकात बोटाने चाचपून उतरवली, खालचा बोल्ट गाडी जमिनीवर ठेवून कसला. खट्ट पूर्ण गेला. ब्रेकरवर तीनदा मुद्दाम गेलो, तिसऱ्यांदा पलीकडच्या जोशीकाकूंनी खिडकी लावून घेतली. चर्र मात्र अजून थोडा आहे, गाडी थंड असताना.

ग्रीसगन
शॅकल. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

चोरलवाला
मान्य, असू शकेल. शनिवारी परत आल्यावर बघतो.

पाना_१२_१३
जाण्याआधी नट एकदा हाताने तपासा. नवं रबर पहिल्या पन्नासेक किलोमीटरमध्ये बसतं आणि नट किंचित सैल वाटतो.

बोलेरो_२००८
धागाकर्ते, जुना शॉकअप विकणार का? डस्ट कव्हर हवं होतं.

चोरलवाला
सकाळीच भंगारवाल्याला दिला हो. वायसर तेवढं ठेवून घेतलंय.