मदत हवी आहे: अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास या निवडुंगाच्या बुडाशी तपकिरी पट्टा

सहा सेंमी व्यासाचं, बिनकाट्यांचं, आठ कडांचं रोप आहे. मातीलगत तपकिरी पट्टा आलाय. बहुतेक भाग लाकडासारखा कोरडा आणि टणक लागतो, तो वयाचाच असावा. जुन्या रोपांचं बूड असं होतंच. काळजी वाटते ती एका बाजूच्या दोन कडांची. पट्ट्याच्या लगेच वर त्या पिवळसर पडल्यात आणि अंगठ्याने हलकं दाबलं की किंचित दबतात. लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) नसावा. भिंगातून जाळं दिसत नाही, आणि त्याचे गंजासारखे बारीक डाग सहसा शेंड्याच्या कोवळ्या भागावर आधी येतात. तो भाग स्वच्छ आहे, लोकरीचे ठिपकेही पांढरेशुभ्र.

मिश्रण ७० टक्के प्युमिस (सच्छिद्र, हलका ज्वालामुखी दगड) व जाड वाळू, ३० टक्के चाळलेलं कंपोस्ट. कुंडी मातीची, पण उथळ. सोटमूळ तळाला टेकून तिथल्या ओलीत राहिलं असेल, असा दाट संशय आहे. पाणी बंद केलंय.

आता उपटून मूळ तपासायचंच आहे. प्रश्न त्यापुढचा. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने कुजीचे नारिंगी डाग संपेपर्यंत कापत गेलं आणि सोटमूळ पूर्ण गेलं, तर गंधक लावून, दोन आठवडे सुकवून नवी मुळं फुटतील का? की उरलेला शेंडा लगेच ड्रॅगनफ्रूटच्या खुंटावर कलम करावा? अ‍ॅस्टेरियासवर प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगा, कलमासाठी शेंड्याची किमान किती जाडी उरायला हवी?