स्वस्त दुकानातली हिवाळी ‘ॲबी’ बिअर आणि वेस्टमाल एकच?

अँटवर्पकर:
परवा इथे कुणीतरी लिहिलं की डिस्काउंट दुकानातली हिवाळी ॲबी (म्हणजे मठाच्या नावाने विकतात ती) बिअर आणि वेस्टमाल या बेल्जियन ट्रॅपिस्ट मठाची डबल (गडद तपकिरी बिअर) सारखीच, पैसे फक्त नावाचे. राहवलं नाही, मुद्दाम आणून प्यायलो. रंग सुरेख, वास खारकेचा. पण दुसऱ्या घोटाला जिभेवर नुसती साखर उरते आणि फेस दोन मिनिटांत बसला. लेबलवर साधू छापला म्हणून मठ होत नाही. ट्रॅपिस्ट (हा ख्रिस्ती साधूंचा एक पंथ) शिक्क्यासाठी बिअर मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली बनावी लागते, नफा मठाला आणि धर्मादायाला जातो. नुसतं ‘ॲबी’ लिहायला यातलं काहीच लागत नाही.

घेंटवासी:
ते मीच लिहिलं होतं. शिक्क्याला चव असते का? आखेलच्या मठात साधू उरले नाहीत म्हणून २०२१ मध्ये शिक्का गेला. त्या दिवशी बिअर बिघडली? आणि लेफ ही ॲबी बिअर लूव्हनच्या कारखान्यात बनते, ती सगळे आवडीने पितात.

अँटवर्पकर:
लेफला मी कधी चांगलं म्हटलं? उगाच माझ्या तोंडी घालू नका.

कोल्हापूरची लेक:
फेस बसला तर आधी ग्लास बघा. फोडणीच्या भांड्यांबरोबर घासलेल्या ग्लासाला ओशटपणा राहतो, त्यावर फेस टिकत नाही. शिवाय फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतली असणार. डबल १०-१२ अंशांना प्यावी, गार केली की वास मरतो.

घेंटवासी:
हे अंशांचं शास्त्र पुरे आता! माझे बाबा सांगलीहून आले होते. फ्रीजमधली ट्रिपल (डबलपेक्षा फिकट रंगाची, कडक बिअर) थेट ओतली, नाकाशी धरली आणि म्हणाले, “लवंग आहे यात.” त्यांना थर्मामीटर लागला नाही.

कोल्हापूरची लेक:
ट्रिपल गार चालते, मी डबलबद्दल बोलतेय. वाचून तरी उत्तर द्या. बाबांचं नाक मात्र पक्कं, यीस्टमुळे येतो तो वास.

रॉटरडॅमचा मामा:
रिकामी बाटली परत केल्यावर मिळणाऱ्या डिपॉझिटचं कुणी बोलत नाही! आमच्याकडच्या दुकानातलं मशीन दुसरीकडच्या बाटल्या घेतच नाही. शनिवारी भर पावसात अख्खा क्रेट परत घरी आणला.

अँटवर्पकर:
मामा, त्यासाठी वेगळा धागा काढा. लेकबाई, काल ग्लास वेगळा घासला, बाटली अर्धा तास बाहेर ठेवली, तळाचा गाळ न हलवता ओतली. फेस शेवटपर्यंत टिकला. तिथे मी चुकलो. पण गोडी आणखीच वर आली, गारव्याने झाकली होती ती. वेस्टमाल शेवटी कोरडी होत जाते, ही होत नाही.

घेंटवासी:
फेसाचं मान्य केलंत ना? मग गोडीचं मीही मान्य करतो. तरी डिसेंबरात क्रेट तिथूनच आणणार.