मदत हवी आहे: सॅक ४५ लिटरची की ६०ची?

मंडळी, मी कळव्याचा. डिसेंबरात रतनगड ते हरिश्चंद्रगड करतोय, कात्राबाईच्या खिंडीतून, तीन दिवस. तंबू, शिधा, ४ लिटर पाणी, सगळं पाठीवर.

मागच्या ट्रेकला भावाची ६०ची नेली. तो माझ्यापेक्षा बुटका, त्यामुळे कमरेचा पट्टा माझ्या पोटावर यायचा, भार सगळा खांद्यांवर. दोन्हीकडे वळ उठले. (जागा दिसली म्हणून आईने चकल्यांचा डबा कोंबला, ते वेगळंच.)

आता टेपने मोजलंय: मान वाकवल्यावर वर येणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत ४६ सेंमी. मीडियम बसेल, की पाठ कमीजास्त करता येणारीच घेऊ? पुढून उघडणारी सोयीची वाटते, पण कसारा लोकलच्या गर्दीत चेन टिकेल का? आणि ठाण्यात आत वजन भरून घालून बघू देणारं दुकान कुठलं?