गरम पाण्याच्या पंपाचं सील टिकूनच नाही राहिलं

बुटीबोरी_मेंटेनन्स:
राजेहो, डोकं चालेनासं झालं. आमच्याकडं गरम पाण्याचा सर्क्युलेशन पंप आहे, पाणी १२० डिग्री, सीलला (फिरत्या शाफ्टपाशी पाणी गळू न देणारा भाग) प्लॅन २३ चा कुलर, म्हणजे सीलपाशचंच पाणी कुलरमधून गार करून परत सीलला फिरवते. पहिलं मेकॅनिकल सील तीन वर्षं हूं की चूं नाही, मार्चमध्ये गेलं, अन् तेव्हापासून दोन नवीन टाकले, दोन्ही तीन आठवड्यात खलास. आधी ग्लँडपाशी, म्हणजे सील बसते त्या झाकणापाशी, फुटाणे फुटल्यासारखा टक्-टक् आवाज येते, मग वाफ, मग धार. उघडून पाहिलं तर सीलमधल्या एकमेकींवर घासणाऱ्या दोन चकत्यांपैकी (फेस) कार्बनच्या फेसची कड खाल्लेली, सिलिकॉन कार्बाइडवाला फेस ठीक. सप्लायर म्हणते ४५ डिग्री ऊन आहे त्यानं होते. मालक म्हणते ग्रीस मारा.

हिंगणा_फिटर:
ग्रीस नका मारू बाप्पा!! सीलला वंगण म्हणजे आतलंच पाणी, दोन फेसच्या मधात मायक्रॉनभर पापुद्रा राहते त्याचा. ८० च्या वर पाण्यात वंगणाचा दम नाही राहत, अन् १२० वालं पाणी फेसमधून बाहेर येता येता प्रेशर उतरलं की तिथंच उकळते, फेस कोरडे घासतात, हाच तुमचा फुटाणा. उन्हाचं तर सोडाच, कुलिंग टॉवरचं पाणी जरा गरम मिळते एवढंच.

कोराडीकडचा:
कुलरला जाणारा अन् येणारा पाइप टेम्परेचर गननं पाहिला का? दोन्ही सारखेच गरम असतील तर कुलरमध्ये क्षार बसले, बोअरचं पाणी असलं की होतंच ते. दोन्ही गार असतील तर पाणी फिरतच नाहीये.

बुटीबोरी_मेंटेनन्स:
आत्ताच पाहून आलो भाऊ, दोन्ही ४० च्या आसपास. ग्लँडला मात्र हात लावायची सोय नाही.

कोराडीकडचा:
मग हवा अडकली आहे. प्लॅन २३ मध्ये पाणी फिरवायला सीलवरची छोटीशी पंपिंग रिंगच असते, तिचा जोर तो किती, लाइनमध्ये हवा राहिली की फिरणं बंद. सील बदलताना लाइन रिकामी होते, मग भरल्यावर हवा काढायचा वरचा व्हेंट कोणी उघडला होता का? पाइप पण सीलपासून कुलरपर्यंत चढताच पाहिजे, मधात कुठं उंटाची पाठ नको. आणि पंप बंद करून गार झाल्याशिवाय व्हेंटला पाना लावू नका, तोंडावर वाफ येईल.

हिंगणा_फिटर:
हाव, अन् हे सील पण कोरडं चालून गेलं असंल, व्हेंट करून नवीनच टाका.

बुटीबोरी_मेंटेनन्स:
चार दिवसांनी लिहून राहिलो. व्हेंटच्या प्लगवर कलरचा थर होता, म्हणजे पहिल्या वेळेनंतर कोणी हातच नाही लावला, मी पण नाही. नवीन सील टाकलं, लाइन भरली, प्लग ढिला केला तर किती वेळ नुसती फसफस, मग सलग पाणी आलं. आता कुलरला ६८ जाते, ४४ येते, आवाज बंद. सकाळीच सप्लायरचा फोन आला, अजून दोन सील पाठवू का म्हणे.